दाराच्या आतल्या बाजूचा रंग

१

घरांचे व्यवहार जमवणाऱ्या मिसेस ग्वेबू दहा वाजता येणार होत्या. सेन्झेनी सिबांडा त्या दिवशी उजाडायच्या आधीच उठली, चहाचं आधण ठेवलं, आणि पाणी उकळेपर्यंत मागच्या खोलीच्या दाराची कडी काढून टाकायला बसली. कडी दाराच्या बाहेरच्या अंगाला होती. स्क्रू तिनेच बसवलेले, आणि रागाच्या भरात पिळावेत तसे घट्ट पिळलेले. शेवटचा स्क्रू निघेपर्यंत सुरीचं टोक मोडलं. चार भोकं उरली. त्यांत तिने पुट्टी भरली, बोटाने सपाट केली, कडी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घातली आणि वर आदल्या दिवशीच्या अंड्यांची टरफलं टाकली. चहाचं पाणी तोवर आटून गेलं होतं.

मिसेस ग्वेबू जाडजूड, हसऱ्या बाई. बुलावायोच्या नॉर्थएंड भागातली निम्मी घरं आपल्याच हातून विकली गेली असं त्या सांगत. दारातून आत पाऊल टाकताच त्यांनी नाक वर करून हुंगलं.

"मासिबांडा, लोक घर विकत घेत नसतात. उजेड विकत घेतात. आणि वास. तुमच्या घराला कोंडल्याचा वास आहे."

"तीन महिने बंदच होत्या मागच्या खिडक्या. आई गेल्यापासून."

"मग उघडा. आणि ऐका, नवीन काही करायचं नाही. नवीन केलं की पैसा भिंतीत पुरला म्हणून समजा. धुवा, घासा, रंगवा. व्हरांड्याला लाल पॉलिश. कपाटांची दारं बदलू नका, नुसत्या मुठी बदला. पन्हळी साफ करा. लिंबाचं झाड छाटा, म्हणजे अंगण मोठं दिसेल. आणि दिवे सगळे लावून ठेवा." थांबून त्या हसल्या. "वीज असली तर."

मागच्या खोलीत त्या फार थांबल्या नाहीत. एक खिडकी, तिला गज, खाली लाकडी तुकड्यांची जमीन, कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची.

"इथे कोण राहायचं?"

"आई."

"ही पांढरी करा. दारसुद्धा. दोन हात मारा, म्हणजे खोली श्वास घेईल."

२

सेन्झेनी प्राथमिक शाळेत शिकवत होती. ऑगस्टची सुट्टी लागली होती आणि शाळा उघडायच्या आत घर बाजारात न्यायचं होतं. भाऊ मेहलुली जोहान्सबर्गला. त्याला त्याचा वाटा हवा होता, तिला शाळेजवळ दोन खोल्यांची जागा. भांडणाचं काही कारणच नव्हतं.

रंगाला तिने माफूबाबांना सांगितलं. साठी उलटलेला माणूस, शिडीवर चढला की चर्चमधली भजनं गुणगुणायचा आणि उरलेल्या रंगातून नवा रंग तयार करण्यात हात धरू देत नसे कुणाला. पुढच्या दोन खोल्या त्यांनी अशाच कुणाकुणाच्या उरलेल्या डब्यांतून सायीच्या रंगाच्या करून दिल्या. मागच्या खोलीसाठी मात्र पांढरा ऑइलपेंट विकत आणला. स्वस्तातला, पण सीलबंद.

दार मंगळवारी रंगवलं. बुधवारी सकाळी बाबा तिला हाक मारायला स्वयंपाकघरात आले.

"मासिबांडा, हात लावलात का दाराला?"

"नाही हो."

"बघा तर."

दाराची बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत होती. आतली बाजू वरून कोरडी, खालून कोरडी. मधे, छातीपासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात, रंग ओला होता. नुसता चिकट नाही, ओला. बाबांनी बोट लावलं तर नखापर्यंत पांढरं आलं.

"तेल आहे लाकडात," ते म्हणाले. "हाताचं तेल. इथे कुणीतरी हात घासलेत. पुष्कळ वर्षं."

"एकच वर्ष," ती म्हणून गेली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "एका वर्षात एवढं?" त्यांनी मान हलवली. "असो. धुण्याच्या सोड्याने घासून काढू. स्वस्ताचा रंग आहे, नखरे करायचाच."

त्यांनी खरवडलं, सोडा लावला, पॉलिश पेपर मारला, अस्तर दिलं, पुन्हा रंग दिला. ऑगस्टचा वारा सुटला होता, कोरडा, ओठ फोडणारा. दोरीवर टाकलेला कपडा तासात खडखडीत वाळत होता. गुरुवारी सकाळी तो पट्टा पुन्हा ओला होता. आणि दार चौकटीत अडकायला लागलं होतं.

"ऑगस्टमध्ये लाकूड आकसतं," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "ऑगस्टमध्ये दार फुगलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही." त्यांनी दार उतरवलं, खालून रंधा मारला, चांगली बोटभर फट पडेल इतका, आणि बिजागऱ्यांना तेल घालून परत चढवलं. दार एका बोटाने हलायला लागलं. मग ते पन्हळी साफ करायला छपरावर गेले.

३

सेन्झेनी सोड्याच्या पाण्याची बादली घेऊन खोलीत गेली ती जमीन पुसायला. वाऱ्याने दार मागे लागलं. तिने लक्ष दिलं नाही. वर पत्र्यावर बाबांची पावलं आणि भजन ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. मग किल्ल्या. बशीत टाकलेल्या किल्ल्यांचा तो खळकन आवाज. मग चपला. एक पाऊल सरळ, दुसरं जरा ओढत. स्वयंपाकघरात पिंपातून तांब्याने पाणी काढलं गेलं, झाकण पुन्हा ठेवलं गेलं. कुणीतरी दमून "हुश्श" म्हणालं.

बाबा खाली उतरले वाटतं, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी पत्र्यावर बाबांचं भजन पुढच्या ओळीवर गेलं.

ती बादलीपाशी गुडघ्यावर तशीच राहिली. मिसेस ग्वेबू असतील. त्यांच्याकडे किल्ली आहे. पण मिसेस ग्वेबू टाचांचे बूट घालतात, आणि ओढत चालत नाहीत. डावी टाच दुखते म्हणून गेली तीन वर्षं ओढत चालणारं या घरात एकच माणूस होतं: ती स्वतः.

तिने उठून दार ढकललं. दार हललं नाही. मूठ फिरत होती, कुलूप नव्हतं, कडी नव्हती. ती तर तिने स्वतःच कचऱ्यात टाकली होती. तरी दार हलेना. तिने दोन्ही तळवे दारावर ठेवून रेटा दिला. पलीकडे चपला जवळ आल्या, दारापाशी थांबल्या आणि परत गेल्या. पुढचं दार लागलं.

मग दार आपसूक उघडलं. हाताच्या रेट्याने ती पडतापडता वाचली. घरात कुणी नव्हतं. बशीत किल्ल्या होत्या, तिच्याच. तिचे तळवे पांढरे झाले होते. भिंतीवरचं घड्याळ दोन वाजून पाच मिनिटं दाखवत होतं, आणि ती खोलीत गेली तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते.

बाबा शिडीवरून उतरत होते. "जेवणाचं काय, मासिबांडा? मी दोन हाका मारल्या. तुम्ही आतून म्हणालात, येते."

"मी म्हणाले?"

"मग काय मी म्हणालो?"

तिने मक्याच्या पिठाचा घट्ट इसित्श्वाला वाढला, वर दही घातलं. बाबा जेवले.  डुलकी लागली असेल, तिने स्वतःला बजावलं. सोड्याची वाफ डोक्यात गेली असेल. चाळीस पोरांना गणित शिकवणाऱ्या बाईने असल्या गोष्टी मनात घ्यायच्या नसतात.

४

आईला शेवटच्या वर्षी काहीच आठवत नसे, फक्त केझीला जायचंय एवढं आठवे. केझी हे तिचं माहेर, शंभर किलोमीटरवर. ती अनवाणी निघायची. एकदा हमरस्त्यावर एका ट्रकवाल्याने ओळखून आणून सोडली. एकदा रात्रभर सापडलीच नाही. शाळा सोडून घरी बसणं सेन्झेनीला परवडणारं नव्हतं, सांभाळायला बाई ठेवून पाहिली तर दोघी आल्या आणि दोघीही टिकल्या नाहीत, मेहलुली फोनवर म्हणायचा, "तू आहेस ना तिथे, तू बघ काय ते." तिने बघितलं. कडी आणली.

साडेसहाला ती निघायची, दोनला परत यायची. खोलीत झाकून ठेवलेलं जेवण, पाणी, बादली, खुर्ची. सुरुवातीला आई हाका मारायची. दार ठोकायची. मग ठोकणं बंद झालं आणि नुसतं घासणं राहिलं. तळव्यांनी, वरून खाली, वरून खाली, जणू दार म्हणजे कुणाची तरी पाठ आहे.

मे महिन्यात एका दुपारी कडी काढली तसं दार आपसूक बाहेर आलं. आतून काहीतरी त्याला टेकलेलं होतं. सेन्झेनीने ते ओढलं तेव्हा त्याच्यामागून काहीतरी जड, मऊ सरकलं.

मेहलुलीला तिने सांगितलं, आई झोपेत गेली, पलंगावर. सगळ्यांना तेच सांगितलं. शेजारणी म्हणाल्या, भाग्यवान बाई, झोपेत मरण कुणाला मिळतं. सेन्झेनी मान डोलावत राहिली.

५

शुक्रवारी मेहलुलीचा फोन आला.

"काय गं, काल अशी काय बोलत होतीस?"

"काल? काल आपण बोललोच नाही."

"झालं! म्हातारी झालीस तूही. अकराच्या सुमारास केला होता मी. तू म्हणालीस, घाईत आहे, शाळेला निघालेय. मी म्हटलं, अगं सुट्टी आहे ना? तर म्हणालीस, आईला जेवण ठेवलंय, काळजी करू नको. आणि ठेवलास." त्याचा आवाज जरा उतरला. "मला वाटलं, आईच्या आठवणीने तसं झालं असेल तुला. एकटीच आहेस त्या घरात. सेन्झे, बरी आहेस ना तू?"

"तू प्यायला होतास का?"

"सकाळी अकराला? कामावर होतो मी."

त्याने ठेवल्यावर तिने फोनमधली यादी उघडली. गुरुवार, अकरा वाजून चार मिनिटं, मेहलुली. उचललेला फोन. दोन मिनिटं.

तिला त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं, मेहलुली, आई पलंगावर नव्हती रे. तिने पुन्हा नंबर लावलाही. त्याने उचलला आणि पहिलंच विचारलं, "उद्या गिऱ्हाईक येणार ना? नीट बोल हां त्यांच्याशी. चेहरा पाडून बसू नकोस." ती हो म्हणाली. 

संध्याकाळी तिने माफूबाबांना म्हटलं, "बाबा, उद्या याल का? नुसते बसून राहा, बाकी काही नको."

"उद्या शनिवार," बाबा म्हणाले. ते शनिवार पाळणाऱ्या चर्चचे. "देवाच्या दिवशी मी ब्रशला हात लावत नाही." जाताना मात्र फाटकाशी घुटमळले. "मासिबांडा, त्या दाराला आणखी हात देऊ नका. रंग जिथे धरत नाही, तिथे माणसाने हट्ट करू नये."

६

शनिवारी सकाळी घर खरोखर हसत होतं. व्हरांडा लाल चकचकीत, कपाटांना नव्या मुठी, खिडक्या सताड उघड्या. मागच्या खोलीचं दार तिने उघडं करून खाली वीट लावली होती. आत जायचंच नाही असं ठरवलं होतं. पावणेदहाला तिला उघड्या दारातून ती प्लास्टिकची खुर्ची दिसली. बसायच्या जागी तडा गेलेली, कळकट. एवढ्या पांढऱ्या खोलीत ती डोळ्यांत खुपत होती. खुर्ची उचलायची आणि बाहेर पडायचं, चार पावलांचं काम.

तिचा हात खुर्चीला लागला आणि मागे दार लागलं. वीट घसटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

तिने रेटलं. खांद्याने रेटलं. फाटकाशी गाडी थांबली, मिसेस ग्वेबूंचं हसू ऐकू आलं. "मिसेस ग्वेबू!" तिने हाक मारली. "मी इथे आहे! मागे!" दारावर चपला मारल्या, खुर्ची आपटली. खिडकीच्या गजांमधून फक्त शेजारच्यांची कंपाउंडची भिंत दिसत होती.

पुढचं दार उघडलं.

"या, या," सेन्झेनी सिबांडाचा आवाज म्हणाला. "घर सापडायला त्रास नाही ना झाला? बसा, चहा ठेवलाय."

ती ओरडायची थांबली. स्वतःचा आवाज माणूस बाहेरून कधी ऐकत नाही. हा गोड होता, थोडा दमलेला, पालकसभेत असतो तसा. विश्वास बसावा असा.

मथेमा नावाचं जोडपं होतं, आणि नवऱ्याची म्हातारी आई. कप वाजले. पन्हळींची चौकशी झाली, पाणी कोणत्या वारी येतं त्याची झाली. तो आवाज सगळ्याला नेमकं, थोडक्यात उत्तर देत होता. मग पावलं बोळात आली. टाचांचे बूट, पुरुषाचे बूट, काठीची टकटक, आणि एक सरळ, एक ओढलेलं पाऊल.

सेन्झेनी जमिनीवर आडवी झाली आणि बाबांनी रंध्याने केलेल्या फटीला डोळा लावला. लाल पॉलिशचे डाग पडलेल्या चपला दारासमोर उभ्या होत्या. तिच्याच. डाव्या पायाची टाच किंचित उचललेली, अंगठ्याच्या नखावर शाळेतलं कपाट पडून झालेला काळा डाग.

"आणि ही खोली," आवाज म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला फार उत्तम. शांत आहे. बाहेर काही ऐकू जात नाही."

सेन्झेनीने दारावर तळवे ठेवले. ठोकायला बळ नव्हतं. तिने नुसते घासले, वरून खाली.

"आत कोणीतरी आहे," म्हातारी म्हणाली.

"काय बोलता, गोगो," सून सासूला म्हणाली. "रिकामी खोली आहे."

"कोणीतरी दार चाचपतंय. मला ऐकू येतंय."

"वारा आहे, आजी," सेन्झेनीचा आवाज म्हणाला. "ऑगस्ट आहे ना."

पावलं पुढे गेली. काठी मात्र थोडा वेळ तिथेच थांबली. मग कुणीतरी तिला धरून नेलं.

दोनच्या पुढे दार उघडलं. तेव्हा टेबलावर चार कप उष्टे होते आणि पाचवा धुऊन पालथा घातलेला होता, जसा ती घालते. फोनवर मिसेस ग्वेबूंचा निरोप होता: "मासिबांडा, तुम्ही तर कमाल केलीत! त्यांनी आजच होकार दिला."

७

सोमवारी सकाळी ती मिसेस ग्वेबूंच्या कचेरीत गेली ती नाही म्हणायला. रॉकेलने घासूनही तिच्या तळव्यांच्या रेघांतला पांढरा रंग गेला नव्हता. मथेमाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, नर्सच्या गणवेशात.

"घर मला विकायचं नाही," सेन्झेनी म्हणाली.

मिसेस ग्वेबूंनी कागद तिच्यापुढे सरकवला. "अहो, शनिवारीच सह्या झाल्या." सही तिचीच होती, शेवटच्या अक्षराची शेपटी वर नेलेली. "गंमत करता का?"

"मग ऐका."  हे वाक्य तिने आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "त्या मागच्या खोलीत मी माझ्या आईला कोंडत होते. बाहेरून कडी लावून. वर्षभर. ती दारापाशी मेली, जमिनीवर, आणि मी शाळेत होते. त्या खोलीत कुणाला ठेवू नका."

मिसेस ग्वेबूंनी पेन खाली ठेवलं. मथेमाबाईंनी मात्र उठून तिचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मासिबांडा, पुन्हा कशाला त्रास करून घेता? शनिवारी सांगितलंत की सगळं. तुम्हाला वाईट म्हणणारी मी कोण? मी सहाला कामावर जाते, हे आठला. गोगो परवा बसस्टँडवर सापडल्या. मी तर देवाचे आभार मानले, की कुणीतरी खरं बोललं. पहिले दोन महिने आरडाओरडा होतो, मग माणूस शांत होतं, असं तुम्हीच म्हणालात. ते ऐकून मला इतका धीर आला!"

सेन्झेनीने हात सोडवून घेतला. ती बाहेर आली. रस्त्याच्या कडेला मथेमांची गाडी उभी होती, मागच्या सीटवर म्हातारी, डोक्याला घट्ट बांधलेला निळा रुमाल, मांडीवर काठी. काच अर्धी खाली होती. गाडीला बाहेरून कुलूप होतं.

सेन्झेनी काचेपाशी वाकली.  पळून जा म्हणायचं? कुठे? केझीला?

म्हातारीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. चेहरा, मग काचेला टेकवलेले हात. तळव्यांवरच्या, त्या दारासारख्याच पांढऱ्या रंगावर तिची नजर थांबली, आणि इतका वेळ हरवल्यासारखे असलेले तिचे डोळे एकदम लखलखीत शुद्धीवर आले. तिने कचेरीच्या दाराकडे एकवार पाहिलं, सून येत नाही ना याची खात्री केली आणि काचेजवळ तोंड आणलं.

"तुला बाहेर कोणी काढलं?" ती कुजबुजली. "मला सांगून ठेव, पोरी. लवकर सांग. मी लक्षात ठेवीन."